चालू वर्तमानकाळ आणि आपल्या मातोश्री

रेणापूरजवळची वाडी, जि. लातूर
(हात अजून उस्मानाबादच लिहायला जातो.)

आदरणीय व्यंकटराव भाऊंना नरसिंगचा सप्रेम जय भीम.

आपली तब्येत, वहिनींची कंबर आणि बिलोलीकडच्या विहिरी बऱ्या असतील अशी आशा करतो. इकडं पाणी सोडून सगळे खुशाल आहेत. आपल्या मातोश्रीही खुशाल आहेत. फक्त माझ्याशी बोलत नाहीत. त्याचं कारण सविस्तर कळवणं जावई म्हणून माझं कर्तव्य आहे.

नवा जिल्हा झाल्यापासून आपल्या बहिणीनं, चांगुणानं, माझ्यामागं लकडा लावला की, लातुरात कचेऱ्या निघून राहिल्या, जागा भरतील, इंग्रजी शिका. म्हणून दर रविवारी रेणापूरला रईसा मॅडमकडं जातो. त्यांनी सुरुवात चालू वर्तमानकाळापासून केली. अ‍ॅम, इज, आर यांतलं जे शोभेल ते घ्यायचं, क्रियापदाला 'आयएनजी'चं शेपूट लावायचं, की काम डोळ्यांदेखत सुरू! 'आय अ‍ॅम गोइंग' म्हणालो आणि भाऊ, अंगावर काटा आला. पुण्याकडचे लोक आपल्या 'जाऊन राहिलो'ला हसतात, आणि इथं साक्षात साहेबाची भाषा तेच करून राहिली! मॅडम म्हणाल्या, "हाव नरसिंग, हा काळ तुमच्या घरचाच हाय." त्या दिवशी मी सायकलवर बसलोच नाही. हातात धरून चालत घरी आलो. (चांगुणाला वाटलं पंक्चर.)

पुढच्याच आठवड्यात दुष्काळाच्या पाहणीला दिल्लीचे साहेब आले. त्यांना मराठी येईना, आणि दुभाषी बसलेली जीप मागं कुठं तरी बंद पडलेली. सगळ्या गावानं माझ्याकडं पाहिलं. विहिरीच्या तळाला वाटीवाटीनं पाणी झिरपत होतं आणि बाया रिकाम्या घागरी घेऊन काठाला बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "व्हॉट आर दीज विमेन डुइंग?"

भाऊ, प्रश्नच चालू वर्तमानकाळात! माझे डोळे भरून आले. मला सांगायचं होतं की या लांबून पाणी वाहून आणतात. चांगुणाकडं बोट करून म्हणालो, "माय वाइफ इज कॅरिंग."

साहेब गंभीर झाले. आपल्या मातोश्रींकडं बघून म्हणाले, "अँड शी?"

"माय मदर-इन-लॉ, सर. शी इज ऑल्सो कॅरिंग."

साहेबांनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ऑल ऑफ देम?"

"ऑल आर कॅरिंग, सर. एव्हरी डे."

साहेबांनी टोपी काढली. विहिरीत वाकून बघितलं आणि गाडीत बसले. (नुसतं 'कॅरिंग' म्हणजे पोटुशी, पुढं 'वॉटर' लावायला पाहिजे होतं, हे मॅडमनी नंतर सांगितलं, तेही तोंडाला पदर लावून.)

दुसऱ्या दिवशी सरकारी जीपमधून गंगम्मा नावाच्या नर्सबाई उतरल्या. निलंग्याकडच्या, आवाज खणखणीत. त्यांनी आपल्या मातोश्रींना सगळ्या गावासमोर विचारलं, "आजी, कितवा महिना?"

"कशाचा गं बाई?"

कशाचा ते कळल्यावर मातोश्रींनी घागर खाली ठेवली आणि मला शोधायला निघाल्या. मी ज्वारीच्या कणगीमागं होतो. कणगी रिकामी असल्यानं धक्का लागताच कलंडली आणि मी सापडलो. काय काय बोलल्या ते आपल्या मातोश्री म्हणून लिहीत नाही.

पण भाऊ, नर्सबाईंनी हसून झाल्यावर एकेकीच्या पापण्या ओढून पाहिल्या, आणि त्यांचं हसू मावळलं. कुणाच्या अंगात रक्त म्हणून नव्हतं. त्या तशाच लातूरला गेल्या आणि कुणाशी भांडल्या कुणास ठाऊक, त्याच आठवड्यात वाडीत टँकर आला! पाणी घागरीत पडू लागलं. मी मनात म्हणत होतो, 'वॉटर इज कमिंग, वॉटर इज कमिंग.' एवढ्याशा शेपटानं केवढी गाडी ओढून आणली!

वहिनींना जय भीम, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
नरसिंग

ता. क. : काल मॅडमनी नवीनच चमत्कार सांगितला. पुढं व्हायची पण पक्की ठरलेली गोष्टही याच काळात सांगतात, मग तिच्यात बदल होत नाही. तेव्हा मातोश्री इज कमिंग ऑन थर्सडे. तुमच्याकडं बिलोलीला, नांदेडवरून येणाऱ्या गाडीनं.

आणखी ता. क. : टँकर सोमवारपासून बंद आहे. म्हणून चांगुणा आणि मी पण इज कमिंग. (तिथं 'आर' पाहिजे, पण गाठोडं बांधून राहिलोय.)