दुर्बिणीपाशी बसलेला मुलगा

प्रिय दादा,

तुझा निबंध मिळाला. पहिल्या पानावरच्या एका ओळीला माझी हरकत नसावी, असं चिठ्ठीत लिहिलंयस. आहे की नाही ते शेवटी सांगते. आजवर घरात सगळे तुझ्या सवडीसाठी थांबले, आता तू थोडा थांब.

निबंध मला अर्धामुर्धाच कळला. तारा फुटल्यावर तुम्ही लगेच दुर्बीण तिकडे वळवलीत, तर क्ष-किरण जवळजवळ दिसलेच नाहीत. पुढे काही महिन्यांनी स्फोटाची लाट जाऊन आदळली ती त्या ताऱ्याने मरण्याआधी स्वतःच झटकून टाकलेल्या वायूवर, आणि मग सगळं लखलखलं. आधी झटकलेलंच मागाहून पेटतं म्हणायचं. हे कळायला मला आकृत्या लागल्या नाहीत.

आई म्हणायची, माझी दोन्ही पोरं एकाच धंद्यात, एक हाडांचे फोटो काढते, एक ताऱ्यांचे. तिच्या छातीचा शेवटचा फोटो मीच काढला. श्वास रोखून धर म्हटलं, तर तिला तो धरवेना. फोटो हलला, आणि पुन्हा घ्यायचा मला धीर झाला नाही. तिथूनच तुला फोन केला. तू म्हणालास, तारा फुटलाय, असा योग पुन्हा यायचा नाही, मला दुर्बिणीपाशी बसावंच लागेल.

आईला ते पटलं. नुसतं पटलं नाही, तिला अभिमान वाटला. येईल त्या नर्सला सांगायची, माझा मुलगा दुर्बिणीला डोळा लावून बसलाय, तिथे फार गारठा असतो. त्याला कानटोपी घालायला सांग, म्हणाली. मी तसा निरोप पाठवला, तर तुझं उत्तर आलं, घातली. ते वाचून दाखवल्यावर ती दोन घास जास्त जेवली. दाराकडे तोंड करून निजायचा हट्ट मात्र तिने सोडला नाही.

ती गेल्यावर तू आलास, रडलास, परत गेलास. मग तुझ्याबरोबर काम करणाऱ्या बाई मला भेटायला आल्या. भल्या आहेत बिचाऱ्या. चहा घेता घेता म्हणाल्या, आईच्या उशाशी बसून त्याने लॅपटॉपवर सगळं सांभाळलं, आम्हाला फार कौतुक वाटलं. मी वेड पांघरून विचारलं, पण दुर्बिणीपाशी बसावं लागतं ना? त्या हसल्या. क्ष-किरण वातावरण ओलांडून खाली पोचतच नाहीत, म्हणून ती दुर्बीण वर अवकाशात फिरते. आपण नुसती विनंती पाठवायची, माहिती आपोआप येते. जन्म क्ष-किरणांत काढून मला हे ठाऊक नसावं. म्हणजे आईच्या लेखी तू दुर्बिणीपाशी होतास आणि ऑफिसच्या लेखी आईपाशी. होतास तुझ्या घरी, हॉस्पिटलपासून चार स्टॉपवर. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. घरची अब्रू वेशीला कशाला टांगायची.

तू घाबरला होतास, हे मला कळतं. बाबांच्या वेळीही तू जिन्यातच थांबला होतास. तसं म्हणाला असतास, तर मी हाताला धरून आत नेलं असतं. भीती मलाही वाटत होती, पण माझ्याकडे तारा नव्हता.

आता ती ओळ. 'आईस, जिच्या उशाशी बसून हे काम केलं.' मनाने मी तिथेच होतो, असं तू चिठ्ठीत म्हणतोस. मनाने पाणी पाजता येत नाही, दादा. माझी हरकत आहे. निबंध छाप, नाव कमव, पण ती ओळ काढ. शेवटच्या दुपारी तिने मला विचारलं, त्याला दिसला का गं तारा? मी म्हटलं, दिसला, स्वच्छ दिसला. तेव्हा तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं, हे मला तुझ्या निबंधातून आत्ता कळलं. तुझ्या वतीने मी तिच्याशी एकदा खोटं बोलले आहे. पुन्हा बोलणार नाही.

तुझी,
धाकटी