उभ्या सासूबाई आणि चार घरांचा मासा

लुकावित्सा, सावा नदीकाठ
२१ डिसेंबर

तीर्थस्वरूप विदोसावा वन्संना,

प्रभूच्या नावाने राडोयकाचा नमस्कार. आपण, भावोजी आणि मुली नोवी सादला सुखरूप असाल, भावोजींची कंबर थंडीने धरली नसेल, आणि धाकटीचा खोकला आता गेला असेल अशी आशा करते. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, देवाची कृपा. (हे वाक्य सवयीने लिहून गेले. याच वाक्याने परवा गावात केवढा घोटाळा केला ते पुढे येईलच.) कागद जरा जाडसर आहे, त्याबद्दल राग मानू नये. मदतीच्या खोक्यात निघाला, एक बाजू कोरी होती, फेकवेना. मागे जर्मन मजकूर आणि काही चित्रं छापलेली आहेत, तिकडे लक्ष देऊ नका. सासूबाई समोरच वाल सोलत बसल्या आहेत आणि लिहिलेलं वाक्य न् वाक्य वाचून घेताहेत, तेव्हा मध्येमध्ये कंसात त्यांचंही म्हणणं येईल.

सासूबाईंच्या पायाची जखम तुम्हाला ठाऊकच आहे. साखरेमुळे भरत नाही. पुराआधी गावच्या दवाखान्यात नर्सबाई दर दोन दिवसांनी पट्टी बदलायची. जूनमध्ये नदी आली ती दवाखाना घेऊनच गेली, तिथलं टेबल तर म्हणे शेजारच्या रादोशेवो गावच्या पुलाखाली सापडलं. तेव्हापासून त्यांना दोन बसगाड्या बदलून तालुक्याला न्यावं लागतं, आणि रस्त्यावर बर्फ पडलं की तेही बंद. म्हणून जर्मनीच्या संत लूक सेवासंघाचा निरोप आला तेव्हा मी देवापुढे मेणबत्ती लावली. त्यांनी पुरानंतर घोंगड्या, औषधं आणि (ऐन उपवासाच्या महिन्यात) डुकराच्या सॉसेजची एकशेवीस खोकी पाठवली होती, तेच लोक. आता त्यांना या भागात एक नवा दवाखाना उभारायचा होता, पण एकच. आम्हाला द्यायचा की रादोशेवोला, ते डॉक्टर स्वतः घरोघर फिरून ठरवणार होते. ज्या गावाची गरज जास्त, त्याला दवाखाना. आणि येणार कधी, तर एकोणीस डिसेंबरला.

दुसऱ्या कुठल्या गावाने तारीख बदलून घेतली असती. आम्हाला आनंदच झाला. आमच्या गल्लीत चारही घरांचा संत निकोला, चारही घरी त्या दिवशी स्लावाचा सण, आणि घरच्या संताच्या दिवशी न बोलावता पाहुणा येणं याहून भाग्य ते कोणतं? गरज दाखवायची आहे हे कोणाच्या डोक्यातच राहिलं नाही. तुमचे बंधू एकदा म्हणाले खरे, "अगं, भिंतीची ओल दिसली तरच दवाखाना मिळेल ना?" सासूबाई कडाडल्या, "ओल कोणाला दाखवतोस? संताला? आज त्याचा दिवस आहे!" आम्ही भिंतींवरची पुराची काळी रेघ झाकायला घोंगड्या टांगल्या. त्यांनीच दिलेल्या त्या निळ्या घोंगड्या, संघाचं नाव आतल्या बाजूला करून. फार शोभून दिसल्या.

अडचण माशाची होती. उपवासाचा महिना, मांस-दूध-लोणी वर्ज्य, म्हणजे ताटात मासाच हवा, आणि दरवर्षीसारखा घरटी एक मोठा कार्प यंदा कोणाला झेपणार? चार घरांनी मिळून एक घेतला. मग शेजारच्या तोमानियाने युक्ती काढली. (तुम्हाला आठवत असेल, बोलायला लागली की कोंबड्यासुद्धा गप्प होतात ती.) डॉक्टर पुढच्या रस्त्याने एका घरातून दुसऱ्या घरात जातील, तेवढ्यात मासा मागच्या परसांतून त्यांच्याआधी पोचेल. कुंपणं पुरात गेलीच आहेत, वाट मोकळी. कापायचा तो शेपटीकडून, आणि पुढच्या घरी ती बाजू अजमोद्याच्या पानांनी झाकायची. ताट आपलंच, तुमच्या लग्नातलं मोठं, निळ्या काठाचं.

डॉक्टर एकहार्ट आणि नर्स गुद्रुन सकाळी आधी आपल्याकडेच आले. फिरत्या दवाखान्याची गाडी दारात लावली. शाळेत शिकलेल्या जर्मनवर दुभाषी मीच. (मॅट्रिकला त्या विषयात शाळेत दुसरी आले होते, पहिलीचं लग्न होऊन ती मुकी झाल्यासारखी राहते.) सासूबाई काळ्या रेशमी पोशाखात, पायात लोकरी सपाता, दाराशी उभ्या. गव्हाचा प्रसाद पुढे केला, राकियाचा पेला दिला, मासा आणला. आणला तेव्हा दिसलं की ताटाला तडा आहे आणि रस्सा ठिबकतो आहे. गुद्रुनबाईंनी पिशवीतून जखमेची चिकटपट्टी काढली आणि ताटाला खालून लावली. मला ती बाई तिथेच आवडली.

डॉक्टरांनी विचारलं, तब्येत कशी आहे? सासूबाई म्हणाल्या, बरी आहे, देवाची कृपा. मी तेच सांगितलं. पायाला काही त्रास? बरा आहे, देवाची कृपा. पुरात काय काय गेलं? होतं ते देवाचंच होतं, तुम्ही खात का नाही? आता दुभाष्याने काय करावं? पाहुण्यापुढे, तेही स्लावाच्या दिवशी, दुखणी काढणारं माणूस या गल्लीत जन्मलंच नाही. डॉक्टरांनी खाणं पुरे म्हटलं की आम्ही वाढायचो. त्यांना मी समजावलं की पहिला नकार शिष्टाचाराचा असतो, दुसरा दाखवण्यापुरता, आणि तिसऱ्यांदा नको म्हटलं की घरचा अपमान. ते फार सभ्य गृहस्थ, तिसऱ्यांदा कधीच नको म्हणाले नाहीत.

असंच दुसऱ्या घरी, असंच तिसऱ्या. तिथे गुद्रुनबाईंनी सगळ्यांचा रक्तदाब घेतला तेव्हा गल्लीतला सर्वांत जास्त डॉक्टरांचाच निघाला. तोमानिया मला कानात म्हणाली, "बघ, बिचाऱ्यांकडेच दवाखाना नाही वाटतं." डॉक्टर मात्र खुशीत होते. मला म्हणाले, तुमचं गाव किती सुदृढ, घरं किती सजलेली, घरोघरी केवढाले मासे! रादोशेवोला कालच गेलो होतो, तिथे लोक रडत होते, छत दाखवत होते. मीही अभिमानाने मान डोलावली. मग रस्त्यात पाच पावलं गेल्यावर मला कळलं की आपण दवाखाना हरतो आहोत. पण करू काय? शेवटच्या घराच्या दारात मिलुतिनकाका वाट बघत उभे होते, कोट घालून, छाती धरून. "काय काका, छाती?" मी विचारलं. "गप्प बस," ते म्हणाले, "पाहुणे आलेत."

तिथेच, चौथ्या घरी, गुद्रुनबाईंनी मासा वाढून घेताना ताट जरासं उचललं आणि खाली बघितलं. मीही बघितलं. चिकटपट्टी. त्यांनी ताट हळूच खाली ठेवलं. तोमानिया उरलेलं ताट घेऊन मागच्या दाराने निघाली (डॉक्टर निरोप घ्यायला परत आपल्याकडे येणार होते, तेव्हा मासा तिथे हवा) आणि गुद्रुनबाई तिच्या मागोमाग. मी त्यांच्या मागोमाग. परसांतून जाताना त्यांनी सगळं बघितलं: शिडीवर वाळत टाकलेल्या आणि सहा महिन्यांत न वाळलेल्या गाद्या, तोमानियाच्या मागच्या खोलीतली खांद्याएवढी काळी बुरशी, आणि त्याच खोलीत तिचा पलंग. तोमानिया ताट छातीशी धरून धावत होती आणि मागे वळून मला ओरडत होती, "ही का येतेय गं? हिला पुढच्या दाराने घाल की!"

आपल्या स्वयंपाकघरात सासूबाई एकट्याच होत्या. टेबलाला टेकून उभ्या, एक सपात बाजूला, आणि तो पाय थंड विटेवर. (सासूबाई सांगतात लिही, वीट कपाळाला लावायला आणली होती. लिहिलं.) आम्हाला बघताच त्यांनी पाय सपातेत घातला आणि म्हणाल्या, "या, बसा, मासा गरम करते." गुद्रुनबाई म्हणाल्या, तुम्ही बसा. छे! शहरात राहून विसर पडला असेल तर आठवण करून देते वन्सं, स्लावाला यजमानाने बसायचं नसतं, पाहुणा घरात असेतो तर नाहीच नाही. मामंजी गेल्यापासून घरचे यजमान म्हणजे सासूबाईच. इतक्यात डॉक्टर आले. म्हातारी बाई उभी असताना बसायचं नाही ही त्यांच्याकडची रीत, तेव्हा तेही उभे. हे आले, डॉक्टर उभे म्हणून हेही उभे. मिलुतिनकाका आले, तेही. सहा खुर्च्या रिकाम्या, आणि आम्ही सगळे भोवती असे उभे, जसं काही कोणी वारलं आहे. तोमानियाच्या हातात अजून मासा.

गुद्रुनबाईंनी मला हळूच विचारलं, या बसत का नाहीत? मी सांगितलं. मग विचारलं, आणि त्या पाहुण्या असतील तर? मी म्हटलं, पाहुण्याला बसवायचंच असतं, आणि पाहुण्याने समोर येईल ते घ्यायचं असतं. त्या बाहेर गेल्या. मला वाटलं रागावल्या. खिडकीतून बघते तो दवाखान्याच्या गाडीत त्या घडीच्या टेबलावर पांढरा कपडा अंथरताहेत. थर्मासमधला चहा ओतला, बिस्किटं मांडली, मग मला खिडकीशी येऊन विचारलं, यात लोणी आहे, उपवासाला चालेल? मी नको म्हटलं, तर बिस्किटं काढून सफरचंद कापलं. आणि परत येऊन सासूबाईंपुढे दोन्ही हात जोडून म्हणाल्या, आज आमच्या घरी या.

सासूबाई एकदा नको म्हणाल्या. दोनदा नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा मी भाषांतर करायच्या आत त्यांनी शाल घेतली. गाडीची पायरी चढल्या, आत बघितलं, आणि वन्सं, सकाळी पाच वाजल्यापासून पहिल्यांदा बसल्या. सफरचंदाची फोड खाल्ली. मग यजमानीणबाईंनी पायातलं काढायला सांगितलं. पाहुणीने नाही कसं म्हणायचं?

डॉक्टर बराच वेळ पायाजवळ वाकून होते. त्यांनी मलम लावलं, नीट पट्टी बांधली आणि सांगितलं, पाय सुधारेल, काळजी नको. (सासूबाई म्हणतात, हे ठळक लिही. लिहिलं.) बाहेर येऊन सासूबाईंनी गल्लीला ऐकवलं, "घर लहान आहे त्यांचं, पण स्वच्छ. माणसं मानाने वागवतात. जा, बोलावलंय तुम्हाला." मग काय विचारता! मिलुतिनकाका चढले आणि आत छाती उघडून बसले. तोमानिया चढली आणि पुरापासून झोप नाही म्हणून रडली, ती तोमानिया, जिने जूनपासून फक्त दुसऱ्यांना हसवलं. डॉक्टर घामाघूम होऊन मला म्हणाले, "पण सकाळी तर सगळे ठणठणीत होते!" मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, सकाळी तुम्ही पाहुणे होतात."

दवाखाना आपल्याला मिळाला, देवाची कृपा. बांधून होईपर्यंत दर बुधवारी गाडी येणार. रादोशेवोवाले म्हणतात आम्ही तो मासा खाऊ घालून मिळवला. खाऊ घातला तेव्हा तर आम्ही हरत होतो. दोन दिवस विचार करते आहे, मला अजून उलगडलेलं नाही.

भावोजींना नमस्कार, मुलींच्या गालाचे पापे.

आपली,
राडोयका

ता. क. सॉसेज अजून नव्वद खोकी आहेत. नाताळानंतर कोणी खाणारं असेल तर कळवावं.

ता. क. दुसरा. सासूबाईंना बसल्या जागी डोळा लागला आहे, आता खरं ते लिहिते. डॉक्टरांनी मला गाडीमागे नेऊन सांगितलं. दोन बोटं काळी पडली आहेत, काढावी लागतील, आणि पंधरवड्याच्या आत, नाहीतर पुढे अख्खा पाय. तुमच्या घरामागच्याच मोठ्या इस्पितळात त्यांनी शब्द टाकला आहे, सोमवारी खाट मिळते. मी सांगून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "घर सोडून मी कुठे जाणार, यजमान कोण राहणार?" फोनवर तुम्ही विचाराल तर तुम्हाला बरं आहे हेच ऐकू येईल, म्हणून विचारू नका. रविवारी गाडी घेऊन स्वतः या आणि त्यांना तुमच्या घरी पाहुणी म्हणून बोलवा. इस्पितळाचं नाव इथे काढू नका. दोनदा नको म्हणतील. तिसऱ्यांदा बोलवा. तुमच्या दारात आल्या की बोलण्याआधी खुर्ची पुढे करा, आणि मग सांगा. यजमानीण तुम्ही असाल.

ता. क. तिसरा. ताटाला ती पट्टी अजून आहे, गरम पाण्यानेही निघत नाही. आणि हा कागद आता उलटून बघा. पायाला पट्टी कशी बांधायची त्याची चित्रं आहेत. जपून ठेवा, सोमवारनंतर तुम्हाला लागतील.