मुखपृष्ठावर माझं नाव

प्रिय चिमणे,

फोनवर मी तब्येत आणि हवापाणी यापलीकडे जात नाही. तुझा आवाज ऐकला की पडतं घेते, म्हणून हे पत्र.

तेविसावी कादंबरी छापायला निघालीय. जुन्या प्रकाशकांकडे नाही. त्यांच्या नव्या संपादकाला नायिका खटकली. सत्तावन्न वर्षांची, लॉन्ड्री चालवणारी बाई एका निवृत्त बसचालकाच्या प्रेमात पडते, हे त्याला पचेना. "मॅडम, हिला तिशीची करा ना. या वयात कोण प्रेमात पडतं?" मी म्हटलं, "तुम्ही सत्तावन्नचे व्हा, मग बोलू." आणि हस्तलिखित काखोटीला मारून जिना उतरले. गुडघे ठणकत होते, पण काय टेचात उतरले म्हणून सांगू!

पुढे चार महिने कुणी दारात उभं केलं नाही. मग एक प्रकाशिका भेटली. वीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांची अक्षरं जुळवली, आता छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत स्वतःची काढते. दोन दिवसांत वाचून तिचा फोन आला. "एक शब्दही बदलणार नाही. फक्त टोपणनाव सोडा, खरं नाव घालू या." मी नाही म्हटलं. कारण तिला सांगितलं नाही. तुला ते माहीत आहे.

आठवतं? मी इस्त्रीच्या टेबलावर लिहायची आणि तू खाली बसून पानं नंबरवार लावायचीस. नऊ वर्षांची होतीस. तिसऱ्या कादंबरीतली नर्स मी शेवटी मारली, तर तू दोन दिवस अबोला धरलास. अखेर शेवटची चौदा पानं फाडून तिला जगवावं लागलं. तीच तू, लग्न ठरल्यावर म्हणालीस, "आई, सासरी सांगू नकोस हं. शिकवण्या घेतेस म्हणू." मी मान डोलावली. गेल्या खेपेला तुझी नणंद असली प्रेमाबिमाची पुस्तकं वाचणाऱ्या बायकांची टर उडवत होती. मी खाली मान घालून बसले, आणि तू हसलीस. मनापासून हसली नाहीस, ते कळलं मला. पण हसलीस.

सोमवारी पानं तपासायला छापखान्यात गेले. बाइंडिंगच्या टेबलाशी एक बाई, बोटांना खळ लागलेली, माझीच रद्दीत टाकलेली पानं वाचत उभी होती. मला बघून दचकली, मग धीर करून म्हणाली, "ही लॉन्ड्रीवाली पुढे त्याला हो म्हणते का हो? कुणी लिहिलंय हे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "काय माहीत."

तुझ्या लग्नापासूनच्या सहा वर्षांच्या सवयीनं जीभ वळली, दुसरं काय. ती पुन्हा पानात डोकं घालून वाचू लागली. मी मात्र तिथेच खिळले. स्वतःच्या हातानं वाढवलेल्या पोराला भर रस्त्यात ओळख दिली नाही, असं झालं मला. तशीच वर गेले आणि प्रकाशिकेला म्हटलं, "खरं नाव घाला. चांगलं ठसठशीत." मग खाली येऊन त्या बाईला सांगितलं, "मी लिहिलंय. आणि हो म्हणते ती." बाई म्हणाली, "मग बरं झालं," आणि कामाला लागली. इतकं मोठं पारितोषिक मला अजून कुणी दिलेलं नाही.

तर नाव ठरलं. मागच्या बाजूला फोटोही आहे, चष्म्यासकट. यासाठी मी तुझी परवानगी मागत नाहीये. ज्याला लाज वाटायची असेल त्यानं खुशाल वाटून घ्यावी. मी प्रेमाबद्दल लिहिलं, कुणाच्या घरावर दरोडा घातला नाही. विचारायचं आहे ते वेगळंच, आणि हे पत्र त्याचसाठी. अर्पणपत्रिकेत मला तुझं नाव घालायचंय, पूर्ण, आडनावासकट. माझं नाव माझं, त्याचं काय करायचं ते मी केलं. तुझं नाव तुझं आहे, म्हणून विचारते. शुक्रवारी सकाळी छपाई सुरू होईल. तोवर हो म्हणालीस तर छापते. नाहीतर ते पान कोरं जाईल. दुसऱ्या कुणाचं नाव मी तिथे घालणार नाही.

तुझीच, आणि यापुढे नावानिशी,
आई