पलंग मीच आवरला

बुधवार, ७ फेब्रुवारी

ठरलं! शनिवारी जाणार. एकटी. दोन रात्री.

जेवताना सांगून टाकलं. चिरंजीवांचा घास हातातच राहिला. "एकटी? का?" — जसं काही मी चंद्रावरच चाललेय! बसने दीड-दोन तासांवर तर आहे. छोटंसं शहर, नदी आहे, जुना पूल आहे, बाजार आहे. आमच्या हॉटेलात उतरलेले पाहुणेसुद्धा तिकडे एक फेरी मारून येतात आणि "काय शांत आहे हो!" म्हणतात. मग मीच का जाऊ नये?

चोवीस वर्षं झाली या हॉटेलात. आधी खोल्या आवरायचे, आता आवरणाऱ्यांवर देखरेख करते. लोक सुट्टी घालवून गेले की मागचा पसारा आमच्याकडे. ओले टॉवेल, केकचे तुकडे, उशीखाली विसरलेलं कानातलं. पण स्वतः पाहुणी म्हणून कुठल्याच हॉटेलात झोपलेले नाही. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "अगं, आपण सगळेच जाऊ ना पुढे कधीतरी." पुढे कधीतरी! ह्यांचंही तेच असायचं. हे गेले, ते 'कधीतरी' काही आलं नाही.

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. मागच्या रविवारी त्याने जाहीर केलं — आई एक तारखेपासून नोकरी सोडणार. विचारलं नाही, जाहीर केलं! सूनबाईची बाळंतपणाची रजा या महिन्यात संपतेय. नंतर मला एकटीला गाठून म्हणाला, "तिची फार इच्छा आहे आई, बाळ तुझ्याजवळच राहावं. तू आता आराम कर." चार महिन्यांच्या बाळामागे दिवसभर धावणं म्हणजे आराम! मी म्हटलं, पुढच्या सोमवारी सांगते. त्याने ते 'हो' समजून खिशात घातलं.

सूनबाई तेव्हा ताटात बघत होती, आजही ताटातच बघत होती. फूस तिचीच. करून सवरून नामानिराळी!

गुरुवार, ८ फेब्रुवारी

घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. बरंय. शांतता इथूनच सुरू झाली म्हणायची.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

लाँड्रीतल्या मैत्रिणीला सांगितलं. चादरींचा ढीग टाकून टाळ्याच वाजवल्या तिने. "जा गं! आणि टॉवेल जमिनीवर फेकून ये. एकदा तरी!" म्हटलं, फेकते.

बॅग भरली. दोन साड्या, एक सलवार-कमीज, शाल. चिरंजीव दाराशी येऊन उभे. "आई, तू रागावून चाललीस का?" नाही रे बाबा. रागावून जायचं असतं तर परतीचं तिकीट काढलं असतं का?

शनिवार, १० फेब्रुवारी

पोचले! हॉटेल छोटं आहे, दोन मजली. मालक स्वतःच काउंटरवर. वयस्क, चष्मा कपाळावर. "एकट्याच?" हो. "मागून कोणी येणार असेल ना?" नाही. त्याने चष्मा खाली घेऊन मला एकदा नीट बघून घेतलं. मग घरचा एक नंबर मागितला, 'असावा म्हणून'. मुलाचा दिला. आपल्याच पायावर धोंडा!

खोली बघितली. म्हणजे अगदी कामावर बघते तशीच बघितली. चौकटीवरून बोट फिरवलं, पलंगाखाली वाकले, नळ सोडून पाहिला. एक चूक सापडेना! जरा वाईटच वाटलं. खोल्या आवरणारी बाई माझ्याच वयाची आहे, जिन्यात भेटली. गुडघे दुखतात तिचे, कठडा धरून चढत होती.

दुपारी नदीवर गेले. पायाने चालवायच्या होड्या आहेत, दोन माणसांच्या. होडीवाला म्हणाला, "मावशी, एकट्याने नाही जमायचं, जोडीदार हवा." म्हटलं, होता, तो वर गेला, आता तू येतोस का? हसला आणि होडी सोडली. आणि काय सांगू! एकाच बाजूला वजन, त्यामुळे होडी कलंडलेली आणि जागच्या जागी गोल फिरतेय. काठावर माणसं जमली. कोणी म्हणतंय डावीकडे वळवा, कोणी म्हणतंय परत या. मी कशाला परत येतेय? मध्ये सरकले, एक पाय इकडच्या पेडलवर, एक तिकडच्या. साडी गुडघ्यापर्यंत. गेली की सरळ! पुलाखालून जाऊन आले. पाय अजून थरथरतायत, पण हसू काही थांबत नाहीये.

संध्याकाळपासून चिरंजीवांचे फोन. जेवलीस का. कडी लावलीस का. तिसऱ्यांदा — "आणि आई, सोमवारचं लक्षात आहे ना?" फोन बंद केला. हो, मुद्दाम!

आता या एवढ्या मोठ्या पलंगावर मधोमध आडवी झालेय. हातपाय पसरून. इतकी जागा आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

रविवार, ११ फेब्रुवारी

राग अजून उतरलेला नाही. पण लिहिते.

सकाळी उजाडताच उठले आणि बाहेर पडले. किल्ली पर्समध्येच राहिली, फोन बंदच. नदीकाठी चालले, बाजार उघडताना बघितला, एका दुकानाच्या पायरीवर बसून दोन कप कॉफी प्यायले. कोणाला काही सांगायचं नाही, कोणाचं काही आवरायचं नाही. दुपारी जेवायच्या वेळेला परत आले तर दारात आमची गाडी!

आत चिरंजीव. सोबत धाकटे दीर, पाठबळाला आणलेले. मालक घामाघूम. खोल्या आवरणारी बाई भिंतीला टेकून उभी.

"आई! रात्री कुठे होतीस?"

मला आधी काही कळेचना. मग मालकाने सांगितलं. बाई सकाळी खोली आवरायला गेली, तर पलंगावर सुरकुती नाही. उशी जशीच्या तशी. टॉवेल कोरडे, घडी घातलेले. ग्लासावर कागदाची टोपी. बॅगसुद्धा दिसेना. ती खाली येऊन म्हणाली, पाहुण्या बाईंनी पलंगाला हातसुद्धा लावलेला नाही, त्या रात्री आल्याच नाहीत. फोन लावावा तर बंद. पाहुणी एकटी, जवळ नदी... मालक घाबरला आणि त्याने घरी कळवलं.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई! पलंग मीच आवरला! सकाळी उठल्या उठल्या. चादर ताणली, कोपरे दुमडले, उशी थोपटली, बेसिन पुसलं, ग्लास धुऊन टोपी चढवली, बॅग कपाटात ठेवली. मला आठवतसुद्धा नव्हतं. चोवीस वर्षांचे हात, ते मला विचारून थोडंच काम करतात! टॉवेल फेकायचं राहिलंच.

खरं सांगते, पहिल्यांदा मला अभिमानच वाटला. दुसऱ्या हॉटेलच्या बाईला ओळखू आलं नाही म्हणजे काय! हसायलाच लागले. तेच चुकलं बहुतेक.

म्हटलं, "अरे, खोलीतच होते. पलंग मीच आवरला."

दीर म्हणाले, "वहिनी, हॉटेलात कोणी स्वतःचा पलंग आवरतं का? काहीतरी पटेल असं तरी सांगा."

पटेल असं! म्हणजे मी खोटं बोलतेय आणि तेही नीट जमत नाहीये! मुलाकडे बघितलं. वाटलं, हा तरी म्हणेल — काका, माझ्या आईचं असंच आहे. तो खाली मान घालून म्हणाला, "आई, इथे तमाशा नको. गाडीत बस." माझा मुलगा! ज्याचं अंथरूण तो कॉलेजला जाईपर्यंत मी घातलं आणि काढलं! पण डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही, त्या दोघांसमोर तर नाहीच.

म्हटलं, "खोली उद्या सकाळपर्यंत माझी आहे. मी उद्याच येणार. तुम्हाला भूक लागली असेल तर समोर खानावळ आहे." आणि वर निघून आले. दोघं बराच वेळ गाडीत बसून होते. मग गेले.

थोड्या वेळाने ती बाई आली. "बाई, खरंच तुम्ही आवरलात?" मी चादर ओढून काढली आणि तिच्यासमोर पुन्हा घातली. तिने कपाळाला हात लावला. "अरे देवा, माझ्यामुळे झालं हो हे! मी सांगते तुमच्या मुलाला, नंबर द्या." म्हटलं, नको. एकदा सांगितलंय. खरं सांगायला साक्षीदार कशाला हवा? मी काय आरोपी आहे? ती पलंगावर टेकली, गुडघे चोळत. पुष्कळ वेळ बोललो. तिच्याही घरी तेच. फक्त मुलाच्या जागी जावई.

संध्याकाळी पुन्हा होडी काढली. होडीवाल्याने विचारलं नाही, नुसती सोडली.

सोमवार, १२ फेब्रुवारी

सकाळी पलंग तसाच टाकून निघायचं ठरवलं होतं. चादर अर्धी खाली, उशी आडवी. दारापर्यंत गेले. हात नुसते शिवशिवत होते! बाहेर येऊन कुलूपच लावलं.

घरी बॅग टाकली, दुपारपाळीला गेले. संध्याकाळी परत आले तर चिरंजीव वाट बघत. रात्री कुठे होते हे विचारलं नाही. म्हणजे मनाशी काहीतरी धरलंय आणि मोठ्या मनाने माफही केलंय! तेच जास्त झोंबलं. "झालं ते झालं आई. आता नोकरीचं बोल. आज सोमवार."

म्हटलं, नाही सोडत.

"पुन्हा विचार कर."

केलाय विचार. दोन दिवस तोच करत होते, होडीत बसून. नाही सोडत.

तो शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. मग ती सोडेल. चालेल तुला?"

तेवढ्यात सूनबाई बाहेरून आली, बाळाला खांद्यावर घेऊन. तिने यातलं काही ऐकलं नसावं. आत गेली.

चालेल मला? नाही चालत. माझा सगळा ताठा एका वाक्यात उतरवला त्याने. खोलीत येऊन रडले. दुःखाने नव्हे, संतापाने. स्वतः आठवड्यातले तीन दिवस घरात लॅपटॉप उघडून बसतो, आणि नोकरी सोडायची ती आमच्यापैकी एकीने!

मंगळवार, १३ फेब्रुवारी

सकाळी माझा पलंग आवरत होते. सूनबाई चहा घेऊन आली आणि उभी राहिली. मग हसली. लग्नानंतर माझ्यासमोर अशी खळखळून पहिल्यांदाच. "आई, तुम्ही चादर एवढी घट्ट खोचता, आमच्या खोलीतली घातलीत की मला पाय आत घालता येत नाहीत. रविवारी त्या मालकाचा फोन आला तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, आईंनी आवरला असणार. ऐकतंय कोण!"

म्हणजे माझ्या पोटच्या पोराला जे दिसलं नाही ते हिला दिसलं. फोनवर ऐकूनच! कप हातात घेऊन नुसती उभी.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. तिचं वय तेहतीस. शिकून, धडपडून मिळवलेली नोकरी. माझी राहिली किती, पाच वर्षं? वाकवणाऱ्यापुढे मी वाकणार नाही. पण ही तर वाकवत नाहीये. हिच्यासाठी सोडली तर ती हार नाही, असं मनाला समजावतेय. मन ऐकत नाही, पण ऐकेल.

उद्या सकाळी तिला सांगते. मग कामावर मॅडमना.

बुधवार, १४ फेब्रुवारी

सांगितलं. म्हटलं, सोडते मी, तू जा कामावर, तुझी इच्छा होती ना.

"माझी? आई, मी तर म्हटलं होतं पाळणाघर बघू. हे म्हणाले, बाळाला मी सांभाळते म्हणून आईच मागे लागलीय, तिला आता काम होत नाही, नाही म्हटलं तर वाईट वाटेल तिला."

"मी मागे लागलेय?"

"मग नाही?"

दोघी स्वयंपाकघरात खालीच बसलो.

मॅडमना काहीही सांगितलं नाही. सूनबाईने फोन करून ऑफिसला कळवलं, एक तारखेला हजर होते.

संध्याकाळी चिरंजीव आले. "मग? काय ठरलं? बाळाला कोण बघणार?"

सूनबाईने बाळ उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.