तीस पोरांचे एकच मामा

१५ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. खाजगी.
केंद्रप्रमुख उज्ज्वला मॅडमचा मेसेज आला. पोरांनी निबंधात स्वतः विचार करून मुद्दे मांडावेत, स्वतःच्या अनुभवाचं उदाहरण द्यावं. १० ऑक्टोबरला बीडला निबंध स्पर्धा, प्रत्येक शाळेचा एक विद्यार्थी. आपल्या शाळेत, म्हणजे शिरूर कासारच्याही पुढं, आठवीत एकतीस पोरं आणि मराठीला मी. ट्रॉफी ठरलेलीच. घरी कपाटावर जागा करायला घेतली. सत्यशीलानं, म्हणजे सौभाग्यवतीनं, विचारलं की तिथल्या लोणच्याच्या बरण्या कुठं ठेवू. या घरात मोठा विचार करायची सोय नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार
स्वतंत्र विचार शिकवला. एका तासात संपला.
विषय: मोबाईल, शाप की वरदान. फळ्यावर पाच मुद्दे दिले, पोरांनी उतरवून घेतले. स्वतःचा अनुभवसुद्धा सांगून टाकला, उगा पोरांचा वेळ कशाला घालवायचा. 'माझे मामा मोबाईलवर बोलत मोटारसायकल चालवत होते. मांजरसुंब्याला ढाब्यापाशी घसरले. गुडघा फुटला.' मामा माझेच, मोहनराव. उदाहरण अस्सल हाय.
ऋतुजानं हात वर केला. वर्गात सगळ्यात हुशार, पण शंका लई. म्हणाली, सर, मला मामाच नाही. तिला सांगितलं, प्रश्न मामाचा नाही, मुद्द्याचा हाय. गप खाली बसली.

२२ सप्टेंबर, सोमवार
मॅडम न सांगता आल्या. हे बरं नव्हं. सगळ्या वह्या मागवल्या, दोन तास वाचल्या. मग मला विचारलं, "सर, तीस पोरांचे मामा एकाच ढाब्यापाशी कसे घसरले?"
म्हणालो, रस्ता खराब हाय. हसल्या नाहीत.
एकतिसावी वही ऋतुजाची. तिनं लिहिलं होतं, 'मला मामा नाहीत, म्हणून सरांच्या मामांचं लिहिते.' मॅडमनी तिलाच स्पर्धेला निवडलं. मीही तिचंच नाव सांगणार होतो. सांगायला वेळ मिळाला नाही, इतकंच.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
घोटाळा. ऋतुजाचा बाप मुंजाजी दसरा झाला की ऊसतोडीला निघणार, पार कर्नाटकात. ऋतुजालाही नेणार. सव्वा वर्षाचा भाऊ हाय, त्याला सांभाळायला. एप्रिलपर्यंत शाळा बंद. गेल्या साली आमच्या दोन पोरी अशाच गेल्या, त्या परत वर्गात बसल्याच नाहीत.
ट्रॉफी जाणार. पोरीचं शिक्षणसुद्धा.

२७ सप्टेंबर, शनिवार
सकाळची शाळा सुटल्यावर मुंजाजीच्या घरी. पाच मुद्दे पाठ करून गेलतो. मुलगी शिकली की घर सुधारतं, घर सुधारलं की गाव, असं चढत देशापर्यंत गेलो. मुंजाजी शेळ्यांना पाला टाकत ऐकत होता. त्याची आई रतनबाई दारात बसून ऐकत होती. आवाज चांगला लागला होता.
सगळं झाल्यावर तो म्हणाला, "सर, समदं खरं. पर आमी दोघं फडात असल्यावर लेकराला धरायचं कुणी?"
हा प्रश्न तयारीत नव्हता. चहा पिऊन आलो. चहा चांगला होता.

२९ सप्टेंबर, सोमवार
ऋतुजानं बापाला द्यायला चिठ्ठी लिहिली. मला म्हणाली, तपासा. पहिलंच वाक्य: 'आबा, तुमचं म्हणणं बरोबर हाय. बाळाला धरायला माणूस लागतंच.'
डोक्याला हात लावला. समोरच्याचं खरं मानून कुणी वाद जिंकतं काय? पुढचं वाचलंच नाही. लाल पेननं ओळ खोडली, वर लिहून दिलं, 'शिक्षण ही काळाची गरज आहे.'
ती म्हणाली, "सर, आबांचं खरं हाय. ते खोटं म्हणलं तर त्यांना पटल कसं?"
सांगितलं, खरंखोटं सोड, ठाम लिहायचं. चिठ्ठी घेऊन गेली. पटलं असावं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
काल दसरा झाला. वस्तीवर ट्रॅक्टर येऊन उभा हाय. सामान भरायला लागलेत. जेवण गेलं नाही.
सत्यशीलाला म्हणालो, चिठ्ठीचा उपयोग झालेला दिसत नाही. तिनं विचारलं, कुणाच्या चिठ्ठीचा, तिच्या का तुमच्या?

६ ऑक्टोबर, सोमवार
ट्रॅक्टर पहाटेच गेल्याचं कळलं. वर्गात शिरायचं मन नव्हतं. शिरलो तर ऋतुजा पहिल्या बाकावर. बरं वाटलं. लई बरं वाटलं. ट्रॉफीची आठवण मागून आली.
चिठ्ठी तिच्याकडंच होती. बापानं जाताना जपून ठेव म्हणून परत दिली होती. मी खोडलेली ओळ तिनं पुन्हा लिहिली होती, पहिल्याच जागी. खाली: बाळाला धरायला आजी यायला तयार हाय, मी विचारलं. आजीच्या चार शेळ्या मी बघते. राहायला चुलतीकडं, तिनं हो म्हटलंय. शेवटी: 'तरी पटलं नाही तर मी येते.' काळाची गरज कुठंच नव्हती.
विचारलं, आबा काय म्हणाले? तर म्हणे, "आदी माजं खरं म्हणलीस, मग फुडचं ऐकावंच लागलं."
असो. ती ओळ मी खोडली नसती तर तिचं महत्त्व पोरीच्या ध्यानात आलं नसतं. मार्गदर्शन असं कुठूनही होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
बीड. विषय तिथंच दिला: 'माझ्या शाळेतली एक बदलायला हवी अशी गोष्ट.' मला वाटलं, पाण्याची टाकी.
संध्याकाळी निकाल. ऋतुजा पहिली! मॅडमनी तिचा निबंध माईकवर वाचला. पहिलं वाक्य: 'आमचे धर्मराज सर फार कष्ट घेतात. पोरांचा वेळ जाऊ नये म्हणून सगळं तेच सांगतात.' मी उभा राहून सगळ्यांना नमस्कार केला. टाळ्या पडल्या.
पुढचा शब्द 'पण'.
तवा कळलं, आबांच्या जागी आता मी हाय. बसावं तर सगळे बघत होते, म्हणून उभाच राहिलो. मग मामा आले, ढाबा आला, तीस गुडघे आले. अख्खा हॉल हसला. शेवट असा: 'मामा असोत नसोत, ज्याचं त्याला लिहू द्यावं.'
एसटीत ट्रॉफी पोरीच्या मांडीवर होती. विचारलं तिनं, सर, रागावलात का? म्हणालो, नाही. खरंच नव्हतो. कान मात्र गरम होते.

११ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी
ट्रॉफी शाळेत राहिली. बरण्या जागेवर.
आपली बाजू लेखी मांडायला बसलो, मॅडमना पाठवायला. पद्धत आता माहीत हाय. पहिली ओळ झकास जमली: 'ऋतुजाचं म्हणणं बरोबर आहे. पण'
तासभर झाला, पुढं काही येईना. पाच मुद्दे काढून बघितले, एकही बसेना. सत्यशीला चहा घेऊन आली, ओळ वाचली.
म्हणाली, "तेवढा 'पण' खोडा, झालं की पूर्ण."
चहा पिला. लाल पेन शोधला. खोडला.