ओढ्याकाठचं फूल आणि डॉक्टरांचा कोट

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो तो अजून सरळ झालेलो नाही. कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? वेळेवर जेवतेस ना? इकडे लॉन्ड्री चालू आहे, बॉयलर धुसफुसतो आहे आणि तुझी भावजय आम्हा दोघांवर नजर ठेवून आहे.

तुझं पत्र मिळालं. भाऊजी गेल्यापासून तुझं पत्र म्हणजे ‘मी बरी आहे, काळजी नको’, की संपलं. मी आपलं ओढ्याकाठच्या पिवळ्या फुलाबद्दल सहज लिहिलं काय, तू कागदाच्या दोन्ही बाजू भरून प्रश्न धाडलेस! पाकळ्या किती, पानं समोरासमोर की एकाआड एक, देठ पोकळ की भरीव, चुरडल्यावर वास कसला. जन्मभर पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवलंस, आता माझी पाळी. पण खरं सांगू, तुझं अक्षर पुन्हा कागदभर पाहून फार बरं वाटलं गं.

तर परीक्षेला बसलो. दुकान बंद करून ओढ्यावर गेलो. फूल पलीकडच्या काठावर (असतंच). दगड समजून पाय टाकला ते नुसतं शेवाळ निघालं. कंबर तिथेच गेली, एक चप्पल ओढ्याबरोबर गेली, फूल मात्र हातात राहिलं. पाकळ्या मोजल्या, पाच. खात्रीसाठी पुन्हा मोजायला घेतल्या, तेवढ्यात शिंक आली आणि चारच उरल्या. वासाचं म्हणशील, तर इतक्या वर्षांच्या धंद्यानंतर मला गुलाबालासुद्धा साबणाचाच वास येतो.

फूल वर्तमानपत्रात दाबून पाठव म्हणालीस. आठवडाभर वजनाखाली कोण ठेवतो? माझ्याकडे वाफेची इस्त्री आहे. घडीत फूल घातलं, इस्त्री फिरवली. कागदाखाली डॉक्टरांचा पांढरा कोट होता, हे नंतर लक्षात आलं. कागदावर फुलाचा मागमूस नाही, पण कोटाच्या खिशावर पाकळ्या-देठासकट अख्खं पिवळं फूल! लिंबू झालं, सोडा झाला. शाई, तेल, हळद, कशाकशाचे डाग काढले मी, पण या फुलापुढे हात टेकले. डॉक्टरांनी कोट पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, “फूल कुठलं हे?” ताईला विचारून सांगतो म्हटलं. आता रोज येता-जाता विचारतात. कोटच तुला पोस्टाने पाठवला असता, पण ते तो अंगातून काढायला तयार नाहीत.

तेव्हा आता तूच यायला हवंस. बहर ओसरत आलाय. खालची खोली झाडून ठेवली आहे, पायऱ्या चढायला नकोत.

तुझा,
धाकटा

ता. क. नर्सरीतल्या माळीबुवांनी त्या फुलाचं नाव मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तू घरबसल्या ‘बरोबर’ म्हणशील आणि पुन्हा गप्प होशील.

आणखी एक ता. क. वर्ष होत आलं, ‘अरे गाढवा, चुकलास’ असं मला कुणी म्हटलेलं नाही. करमत नाही गं. ये, फूल बघ, आणि नाव बरोबर निघालं तरी आधी माझ्यावर ओरड.