पश्चिमेकडचे कप्पे

बुधवार. ऑक्टोबर संपत आला. सकाळी मुरबाड रस्त्यावरच्या फार्मवर गेले, दुपारपर्यंत वजनं घेतली, मग ठाण्याला ऑफिसात जाऊन ती कंप्युटरवर चढवली आणि दिवेलागणीला ठाकुर्लीला घरी आले. जेवण अजून व्हायचंय.

आई, फार्म डुकरांचा आहे. तू नाक मुरडशील, पण आज मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तू गेलीस तेव्हा माझं कॉलेजही संपलं नव्हतं, म्हणून आधी काम सांगते. मी जनावरांचं खाद्य बनवणाऱ्या कंपनीत आहे. डुकराचं पिल्लू कोणत्या वयात किती वाढेल याचा अंदाज कंप्युटरवर मांडायचा आणि त्यावरून त्याला कधी, काय, किती घालायचं ते ठरवायचं, हे माझं काम. लहानपणी अंगावर मांस भरत असतं, तेव्हा सोयाबीनची पेंड जास्त लागते. पुढे तेवढीच देत राहिलं तर अंगी लागत नाही, नुसती वाया जाते. पेंड कधी उतरवायची आणि मका कधी चढवायचा, हे वाढीची रेघ बघून कळतं. तुझ्या मोहने गावातल्या अंगणवाडीत प्रत्येक बाळाच्या तक्त्यावर असायची, तशीच रेघ.

शनिवारी माझी शाळा लवकर सुटायची आणि मी तिथे येऊन बसायचे. आढ्याच्या हुकाला काटा टांगलेला, त्याला कापडाची झोळी, झोळीत कोणाचं तरी बाळ हातपाय झाडतंय. तू वजन सांगतेस आणि मी तक्त्यावर टिंब देते. एकदा एका मुलाचा एक महिना रिकामा होता, मी पट्टी लावून दोन्हीकडची टिंबं जोडून टाकली. तू खोडरबर माझ्यापुढे ठेवलंस. "तेव्हा तो गावाला होता. तिकडे त्याने काय खाल्लं, तुला माहितेय? मग रिकामं आहे ते रिकामं राहू दे." आणि त्याच वर्षी तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या होत्या, तुमच्या अंगणवाडीची सरासरी छान आहे. तू चहाचा कप त्यांच्या हातात देत म्हणालीस, "सरासरी छान आहे मॅडम, पण ती कोणाच्या घरी जेवते ते सांगा. मला तिच्या आईला भेटायचंय." बाई हसल्या. तू हसली नव्हतीस.

फार्म एका काकींचा आहे. नवरा गेल्यावर त्यांनीच तो वाढवला. गव्हाणी भरून ठेवायच्या, खातील तेवढं खातील, ही त्यांची पद्धत. खूप मागे लागल्यावर त्यांनी मला एक शेड दिली. अट एकच, नाताळच्या विक्रीला माल वजनावर आला पाहिजे. नाही आला तर त्यांची जुनी पद्धत पुन्हा सुरू, आणि आमच्या साहेबांनीही सांगून टाकलं होतं की मग हे काम बंद, तू विक्रीच्या टेबलावर बस. सुरुवातीला डुकरं रेघेवर चालली. ऑक्टोबर तापला आणि शेडचं सरासरी वजन खाली सरकलं. काकी कमरेवर हात ठेवून उभ्या. "कॉलेजात काय शिकलीस गं, डुकरं वाळवायला? जा, सांग तुझ्या कंप्युटरला, इथे कोणी त्याचं ऐकत नाही."

मी म्हटलं, मला एक आठवडा द्या. त्या म्हणाल्या, "आठवडा घे. नाताळ काय तुझ्यासाठी पुढे जाणार नाय."

ऑफिसात सगळे म्हणाले, सरसकट खुराक वाढव. मीही तेच टाइप करत होते. हात थांबला. सरासरी मोडली आणि शेडमधल्या डुकरांच्या एकेका कप्प्याची वेगळी रेघ काढली. आई, पूर्वेकडचे सगळे कप्पे जागच्या जागी होते. घसरले होते ते फक्त पश्चिमेकडचे, जिथे दुपारचं ऊन थेट पत्र्यावर येतं. उकाड्यात डुक्कर खातच नाही, त्याला घाम येत नाही, ते नुसतं धापा टाकत पडून राहतं. आणि शेडमधला उष्णतामापक मीच लावला होता, पूर्वेच्या दाराशी, येता जाता वाचायला सोपा पडतो म्हणून. कंप्युटरला तेवढाच आकडा मिळायचा, त्याला वाटत होतं, अख्खी शेड त्या दाराशीच राहते. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

मग पश्चिमेच्या कप्प्यांचा अंदाज वेगळा मांडला. त्यांना खाद्य पहाटे आणि सूर्य उतरल्यावर, घास कमी पण कसदार. पत्र्यावर ओली गोणपाटं. गड्यांनी कुरकुर केली, काकींनी त्यांच्यावर आवाज चढवला, माझ्यावरही.

आज पुन्हा वजनं घेतली. एकेक डुक्कर पिंजऱ्यात घ्यायचं, काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं, पाठीवर खडूची खूण करून सोडायचं. पश्चिमेचा पहिला कप्पा वर आला होता. दुसराही. शेवटच्या कप्प्यापर्यंत एकेक आकडा लिहीत गेले. सगळे वर आले, आई. अजून थोडे मागे आहेत, पण रेघ वर वळली आहे, आणि या चालीने नाताळला पोचतात. काकींनी वाकून काट्यावरचा आकडा स्वतः वाचला. मग म्हणाल्या, "ती पलीकडची शेड पण बघ. आणि जेवून जा, स्वतःचं वजन बघितलंस का कधी?"

हे तुला कुठे पाठवणार. पण एक गोष्ट ना काकींना सांगितली, ना ऑफिसात. पिंजऱ्यात डुक्कर घाबरून ओरडायला लागलं की मी खाली वाकून म्हणत होते, "झालं हं राजा, झालं, उतरवते." झोळीतल्या बाळांना तू म्हणायचीस तसंच, त्याच चालीत. प्रत्येकाला म्हटलं.

कुकरची तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करते.